जांबोटीच्या देवळातला कवड्या

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तू भटकंतीवरून पाठवलेला फोटो परवा रात्री मिळाला. देवळाच्या ओसरीत फरशीवर पडलेला साप, शेजारी बांबू, आणि खाली तुझा मजकूर: 'काका, मण्यार होती. पोरं झोपली होती तिथंच भिंतीवर चढत होती. मारली. बरोबर केलं ना?' मी लगेच उत्तर दिलं नाही. 'बरोबर' म्हणवेना, आणि 'चूक' एवढंच लिहून तुला गप्प करायचं नव्हतं. म्हणून सवडीनं लिहायला बसलोय.

तो फोटो मोठा करून बघ. मानेपाशी पट्टे कसे आहेत? रुंद, ठळक, पिवळसर पांढरे. तसंच शेपटीकडे जा. पट्टे विरत विरत शेवटी नुसता तपकिरी रंग उरतो. मण्यारीचं नेमकं उलट असतं. तिचं अंग काळं, निळसर झाक असलेलं. पट्टे बारीक, पुष्कळदा जोडीजोडीनं. डोक्याकडच्या भागात ते पुसट किंवा नसल्यासारखेच, आणि शेपटीकडे जावं तसे स्पष्ट. पाठीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग जाते. तुझ्या फोटोत ती रांग नाही. शिवाय तूच लिहिलंयस की साप भिंतीवर चढत होता. मण्यार सहसा भिंत चढत नाही. भिंतीवर चढतो तो कवड्या, पालींच्या मागे. तुम्ही कंदील लावलात, कंदिलाला पाखरं आली, पाखरांना पाली आल्या आणि पालींना हा आला. दीड-दोन फुटांचा, बिनविषारी. त्याचं तुमच्याशी काही काम नव्हतं.

हे तुला लाजवायला लिहीत नाही. मध्यरात्री, बॅटरीच्या उजेडात, दहा पोरांची जबाबदारी अंगावर असताना भल्याभल्यांना हा फरक दिसत नाही. पण म्हणूनच सांगतो, ज्या घाईत ओळख पटत नाही त्या घाईत बांबू उचलू नये. मण्यार समजून कवड्या मारलास तसा उद्या कवड्या समजून मण्यार हातात धरशील.

'मण्यारच असती तर?' असं तू विचारणार. तरी हेच. पोरांना उठवायचं, अंथरुणं बाहेर काढायची, एकानं सहा-सात फुटांवर उभं राहून बॅटरीचा झोत सापावर धरायचा आणि त्याला वाट मोकळी ठेवायची. थोड्या वेळानं तो आपला जातो. साप माणसाचा पाठलाग करत नाही आणि डूखही धरत नाही. नागपंचमीच्या कहाणीत नांगराखाली पिल्लं मेली म्हणून नागीण घरादाराला डसते, एवढंच आपण लक्षात ठेवलं. लेकीनं पाटावर काढलेल्या नागांची केलेली पूजा बघून तीच नागीण अमृत देते, ते विसरलो. एक मारला की दुसरा येतो म्हणतात, तो सूड उगवायला येत नाही. उंदीर तेच, बीळ तेच, म्हणून येतो.

आता तुला माझी गोष्ट सांगतो. आजवर कुणा पोराला पूर्ण सांगितली नव्हती.

मी तुझ्याएवढा असताना बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या शेतात भाताची राखण करायला माळ्यावर झोपायचो. रानडुकरं यायची. बरोबर माझा मावसभाऊ असायचा. कापणी अर्ध्यावर आली होती. एका रात्री बांधावर शिट्टीसारखा आवाज झाला, कुकरची वाफ सुटते तसा, पण लांबलचक. घोणस होती. जाडजूड, पाठीवर बदामी ठिपक्यांच्या तीन ओळी. आम्ही माळ्यावर होतो आणि ती खाली. आमच्या वाटेतही नव्हती. तरी आम्ही उतरलो. त्यानं काठीनं दाबली आणि मी कोयत्यानं डोकं उडवलं. कोयता माझ्या हातात होता, हे मुद्दाम लिहितोय.

धड वळवळत होतं, ते आम्ही बघत बसलो. पाच-दहा मिनिटांनी भावानं ते तुटलेलं डोकं उचललं, दात बघायला म्हणून. त्या डोक्यानं त्याच्या अंगठ्यात दात रुतवले. सापाचं डोकं धडावेगळं झाल्यावरही बराच वेळ चावू शकतं, हे आम्हाला कुठं ठाऊक? घाबरून मी त्याच्या मनगटाला सुतळी करकचून बांधली. घरच्यांनी आधी गावठी औषध देणाऱ्याकडे नेलं. त्यात चार तास गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं आणि लघवी लाल झाली होती. मूत्रपिंडं बसली, डायलिसिसवर ठेवावं लागलं. तो वाचला. अंगठा गेला; थोडा विषानं, थोडा माझ्या सुतळीनं. पुढं तो कधी राखणीला आला नाही. मला तोंडावर एक शब्द बोलला नाही, ते अजून जड जातं.

त्या रात्री आम्ही नुसते माळ्यावर बसून राहिलो असतो तर काहीच घडलं नसतं. रानात फिरणाऱ्याला साप चावतो तो बहुतेक वेळा दोनच प्रकारांनी: न बघता हातपाय टाकला म्हणून, नाहीतर मारायला, धरायला गेला म्हणून. दुसरा प्रकार पूर्णपणे आपल्या हातात आहे. धरून फोटो काढणाऱ्यांनाही मी यातच धरतो. त्यांचा मला मारणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो, कारण मारणारा निदान घाबरलेला असतो.

एक भेद मात्र मी करतो. तान्हं लेकरू पाळण्यात आहे, घरात बाई एकटी आहे आणि चुलीमागं नाग निघाला. तिनं काठी उचलली तर मी तिला नावं ठेवणार नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा साप मारायला मनाई करतो, पण स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला नाइलाजानं मारलं तर तो गुन्हा धरत नाही. आपलं तसं नाही. आपण हौसेनं जातो. घरदार सोडून, पाठीवर पिशव्या घेऊन, त्यांच्या रानात. आपल्याकडचं भीमगडचं रान २०११ मध्ये अभयारण्य झालं. त्या रानावर पहिला हक्क कुणाचा ते सरकारनंही लिहून दिलंय. हौसेनं गेलेल्यानं नाइलाजाचं कारण सांगू नये.

मारलेला साप डॉक्टरांना दाखवावा लागतो, हा समज तुझ्याही गटात असेल. तो काढून टाक. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस एकच असते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून केलेली. डॉक्टर लक्षणं बघतात, काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतं का ते बघतात आणि ठरवतात. साप शोधण्यात घालवलेला अर्धा तास रोग्याचा जातो, आणि कधी कधी शोधणाराही रोगी होतो. ही लस करायला लागणारं विष बरंचसं तमिळनाडूच्या इरुळा लोकांकडून येतं. पूर्वी ते कातड्यासाठी साप धरायचे. कायद्यानं तो धंदा बंद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली. आता साप धरतात, विष काढतात आणि परत रानात सोडतात. माझ्या भावाच्या दंडातून जे औषध गेलं ते घोणशीच्याच विषापासून झालेलं होतं.

पावसाळ्यात चोर्ला घाटात, कणकुंबीच्या बाजूला जाशील तेव्हा चापडा या विषारी सापाची आठवण ठेव. हिरवा, तपकिरी, कधी पिवळट. पायवाटेलगतच्या फांदीवर, धबधब्याजवळच्या दगडावर तासन् तास एकाच जागी बसतो. काठी आपटलीस म्हणून तो हलणार नाही, घोणसही हलत नाही. पाय आपटून धामण पळते, हे पळणारे नाहीत. त्यामुळे तिथं एकच उपाय, हात ठेवण्याआधी ती जागा बघणं. चापडा चावला तर माणूस क्वचितच मरतो, पण सूज आणि वेदना भयंकर, आणि आपली लस त्याच्यावर केलेलीच नाही.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा कळतही नाही. खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळवत नाही. ओसरीत झोपलेल्या पोरानं पहाटे पोटदुखी सांगितली तर सोडा-लिंबू देत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. आणि पुढच्या वेळी मच्छरदाण्या न्या, कडा अंथरुणाखाली नीट खोचून. त्या देवळात तुझ्या बांबूपेक्षा दहा मच्छरदाण्यांनी पोरं जास्त सुरक्षित राहिली असती.

चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढायचं, कारण सुजेत ते रुततं. हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही. १०८ ला फोन कर. गाडी पोचत नसेल अशा वाडीत असाल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. वेळ लिहून ठेव. आणि आपल्या भागातली एक गोष्ट: दवाखान्यात, वनखात्याच्या चौकीत समोरचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर तुझं 'घोणस' त्याला कळेलच असं नाही. 'हावु कच्चिदे' म्हण, साप चावलाय. घोणशीला ते कोळकु मंडल म्हणतात, मण्यारीला कट्टु हावु, नागाला नागरहावु, धामणीला केरे हावु. वहीत लिहून ठेव आणि पोरांकडून पाठ करून घे. भाषेच्या वादात आपण या भागात खूप आयुष्यं घालवली, निदान हे चार शब्द तरी इकडचे तिकडे येऊ देत.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. कर्नाटकानं २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक केलं, ते फार चांगलं झालं. म्हणजे साप निरुपद्रवी असतात असं मी तुला सांगत नाहीये. मला त्यांची भीती वाटते आणि ती असावी. उचगाव-बेळगुंदीकडच्या बाया रताळी काढताना वेलांत उघडे हात घालतात, ते बघून अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्यांना गमबूट, हातमोजे, बॅटऱ्या कोण देणार, यावर तुझ्यासारख्या तरुण पोरांनी जोर लावावा असं मला वाटतं. सापांच्या मागे बांबू घेऊन धावण्यात तो जोर वाया जातो.

तो फोटो गटात टाकलायस. काढून टाकू नकोस. खाली लिही की हा कवड्या होता, आणि पट्टे कुठून ओळखायचे तेही लिही. पुढच्या पोराला उपयोग होईल.

येत्या रविवारी आमच्या खळ्यावरची पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी हलवायची आहे. दरवर्षी तिच्याखाली काही ना काही निघतं. मागल्या साली धामण निघाली, तिच्या आधी डुरक्या घोणस, ती नावाचीच घोणस, बिनविषारी. ऊन चांगलं पडल्यावर, नऊच्या पुढं ये. पेंढी कशी धरायची, आधी कुठं बघायचं ते दाखवतो. गमबुटाचे दोन जोड आहेत, तुझ्या पायाचं माप कळव.

तुझा,
काका