मदत मागायला नापास व्हायची वाट बघू नकोस

विद्यापीठात लेखन केंद्र असतं, तिथे आपल्या लिखाणावर समोरासमोर बसून मदत मिळते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, ते म्हणजे कच्च्या मुलांचा वर्ग. दुसऱ्या वर्षी निबंध लाल शेऱ्यांनी भरून परत आला तेव्हा मुकाट्याने गेलो. बघतो तर शेजारच्या खुर्चीत पीएचडी करणारी ताई, तिच्या प्रबंधाचं प्रकरण घेऊन बसलेली!

एक आधीच सांगतो, तिथे कुणी तुझं शुद्धलेखन तपासून देत नाही. माझा पहिला परिच्छेद मलाच मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, "यात तुझं म्हणणं नेमकं कुठल्या वाक्यात आहे?" ते वाक्य चौथ्या पानावर सापडलं. म्हणून जाताना निबंधाचा प्रश्न नि सूचना दिलेला कागद सोबत ने आणि मुदतीच्या निदान आठवडाभर आधी जा. आदल्या रात्री सुचलेल्या शहाणपणाचा उपयोग नसतो, शिवाय सत्र संपत आलं की तिथे भेटीची वेळच मिळत नाही.

प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत "सर, काहीच कळलं नाही" म्हणत जाऊ नकोस. गणित जिथे अडलं ती ओळ दाखव. पाच मिनिटांत काम होतं.

आणि ग्रंथपाल! सगळ्यात कमी वापरली जाणारी माणसं. शोधताना कुठले शब्द टाकायचे, हे त्यांच्याकडून शिकून घे. हवा तो लेख आपल्याकडे नसेल तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. संदर्भ मात्र पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकत जा, ते फुकट आहे.