दगडी बागेत काय लावाल?

परदेशी व्हिडिओंत दगडांवरून ओघळणारं ऑब्रिएटा नावाचं फुलझाड पाहून बी मागवू नका. तो थंड हवेचा गडी, पुण्याचा एप्रिल त्याला सोसणार नाही. त्यापेक्षा निळ्या फुलांचा इव्हॉल्व्हुलस घ्या. आपल्या टेकड्यांवर खडकाळ जागी उगवणारी विष्णुक्रांता याच कुळातली. फुलं सकाळी उघडतात, दुपारनंतर मिटतात. झाड सुकलं समजून पाणी ओतत बसू नका. सोबत जांभळी पसरट घाणेरी आणि ऑफिस टाइम ही फुलझाडं चालतील. वेडेलिया ही पसरणारी वेल मात्र नको, बाकी सगळ्यांना गिळून टाकेल.

खरी परीक्षा पावसाळ्यात. नुसत्या काळ्या मातीत मुळं कुजतात, म्हणून निम्मा बारीक मुरूम आणि कच (दगडाचा बारीक चुरा) मिसळा, शेणखत मूठभरच. जास्त खत दिलंत की पानं माजतात, फूल दिसत नाही. दगड एक तृतीयांश तरी जमिनीत गाडा आणि मागच्या बाजूला किंचित कलता ठेवा, म्हणजे पाणी मुळांकडे जातं. वाफा उंच, उतारावर हवा. रोपाच्या गळ्याभोवती, म्हणजे खोड मातीतून वर येतं तिथे, बोटभर खडी पसरा. फांद्या ओल्या मातीला टेकत नाहीत.

लागवड पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. छाटणी फेब्रुवारीत, आणि ती बिनधास्त करा. तोडलेल्या फांद्या कुंडीत खोचा, शेजारी मागणारच आहेत.