ग्वांतानामोचे भाडे

प्रश्न : क्युबा आणि अमेरिका यांचे इतके जुने वैर असताना क्युबाच्याच भूमीवर ग्वांतानामो येथे अमेरिकेचा नाविक तळ कसा? अमेरिका त्याचे भाडे देते आणि क्युबा ते घेत नाही, असे ऐकले. हे खरे आहे काय? क्रांतीनंतर कास्त्रो यांनी तो तळ ताब्यात का घेतला नाही?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : होय, हे खरे आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यांचे भांडण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल. भाडे स्वीकारले की भाडेकरूचा हक्क मान्य केल्यासारखे होते, म्हणून मनीऑर्डर न घेता परत पाठवणारे घरमालक आपल्याकडेही होतेच. अमेरिका दरवर्षी 4085 डॉलरचा धनादेश पाठवते. 1959 मध्ये क्रांतीच्या धामधुमीत एक धनादेश वटवला गेला. त्यानंतरचे कास्त्रो यांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिले आणि ते दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत दाखवलेही.

मात्र वाड्यातला भाडेकरू मालकाच्या संमतीने राहायला आलेला असतो, तसे इथे घडले नाही. क्युबाचे लोक 1895 पासून स्पेनशी लढत होते. 1898 मध्ये अमेरिका त्या युद्धात उतरली आणि काही महिन्यांत स्पेन हरला. सांतियागो शहर शरण आले तेव्हा कालिक्स्तो गार्सिया यांच्या क्युबन सैन्याला शहरात येऊ दिले गेले नाही आणि पुढे पॅरिसच्या तहाच्या वाटाघाटींतही क्युबाला स्थान मिळाले नाही. ज्यांनी तीन वर्षे रक्त सांडले, त्यांनाच उंबऱ्याबाहेर उभे केले गेले. माझ्या मते या वैराचे मूळ 1959 मध्ये नव्हे, तर या अपमानात आहे.

त्यानंतर 1901 मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केलेली, क्युबावर अटी लादणारी प्लॅट दुरुस्ती आली. अमेरिकेला क्युबात हस्तक्षेप करण्याचा आणि नाविक तळांसाठी जागा घेण्याचा अधिकार क्युबाच्या राज्यघटनेत मान्य केल्याशिवाय अमेरिकी सैन्य क्युबातून हलणार नव्हते. क्युबाच्या घटना समितीने 16 विरुद्ध 11 मतांनी ही अट स्वीकारली. कागदोपत्री ती संमती होती. पण दारात परके सैन्य उभे असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणणे मला मान्य नाही. तिच्याच आधारे 1903 मध्ये, वर्षाला 2000 डॉलर एवढ्या सोन्याच्या नाण्यांच्या भाड्याने (डॉलरचे सोन्यातले मोल घसरल्याने तेच पुढे 4085 डॉलर झाले), ग्वांतानामोचा भाडेपट्टा झाला. 1934 मध्ये प्लॅट दुरुस्ती रद्द झाली, पण नव्या कराराने तळ तसाच ठेवला, आणि दोन्ही पक्षांच्या संमतीने किंवा अमेरिकेने जागा सोडली तरच पट्टा संपेल, असे ठरले. मुदत अशी ठेवलीच नाही.

1960 मध्ये अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा कापला, क्युबाने अमेरिकी कंपन्यांच्या मालमत्तांचे राष्ट्रीयीकरण केले आणि जानेवारी 1961 मध्ये राजनैतिक संबंध तुटले. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने प्रशिक्षण दिलेले सुमारे 1400 निर्वासित क्युबन पिग्जच्या उपसागरात उतरले आणि तीन दिवसांत पराभूत झाले. अशा वेळी तळावर हल्ला करणे म्हणजे खुद्द अमेरिकी सैन्याला चढाईचे निमित्त देणे होते, आणि कास्त्रो यांनी ते दिले नाही, ही त्यांची दूरदृष्टी होती. 1964 मध्ये मात्र त्यांनी तळाचे पाणी तोडले. तेव्हा अमेरिकेने तिथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला. जागा सोडली नाही.