शेपटीवर जाऊ नका

प्रश्न : १९७३ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ही स्पोर्ट्स कार विक्रीला आहे. खरी की नक्कल, कसं ओळखावं?

उत्तर : बदकाच्या शेपटीसारखा मागचा स्पॉइलर (हवा वळवणारा उंचवटा) आणि कडेची 'कॅरेरा' अक्षरं विसरा, ती कोणत्याही ९११वर चढतात. खऱ्या आरएस एकूण १,५८०च बनल्या. पुढच्या डिकीतल्या पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर वाचा : सुरुवात ९११३६० हवी. ९११३१० असेल तर मुळात साधी ९११ टी. आकड्यांभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा शोधा. नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या बॉडीत बसवतात. इंजिनावर ९११/८३ हा प्रकार हवा. शेवटी चॅसी, इंजिन, गिअरबॉक्सचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळवा. इंजिन बदललेलं असलं तरी गाडी खरीच, किंमत मात्र उतरते. नक्कल नक्कल म्हणून घेतली तर चालवायला झकासच!