तांब्या कुठल्या हाताशी असतो?

‘मावशी, आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे. मी पुण्यात नोकरीला, दादा गोव्यात. गेल्या दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. घरी बघायला कोणी नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी तिला बेळगावात एका केंद्रात ठेवलं. जागा झकपक आहे, टाइल्स, टीव्ही, आंघोळीला गरम पाणी. मी एक रविवार सोडून एक रविवार जाते. कशी आहेस विचारलं की “बरं हाय” म्हणते आणि मी निघाले की रडते. ब्लाऊज सैल व्हायला लागलेत. दादा म्हणतो, एवढे पैसे भरतोय, आणखी काय बघायचं? गावातले म्हणतात, आईला टाकली. तिथे तिचं नीट करतात की नाही, हे मी ओळखू कसं? तिला तिथून हलवू का?’ — एक लेक, पुणे

अगं लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टाइल्स लिहिल्यास, टीव्ही लिहिलास. पाण्याचा तांब्या कुठल्या बाजूला ठेवलेला असतो, ते मात्र लिहिलं नाहीस. आईची उजवी बाजू गेलीय. म्हणजे तांब्या, पेला, चष्मा, बेलचं बटण, सगळं डाव्या हाताशी पाहिजे. उजवीकडच्या स्टुलावर काठोकाठ भरलेला तांब्या असेल, तर तो तुला दाखवायला ठेवलाय, आईला प्यायला नव्हे. पुढच्या वेळी दारातून आत शिरताना आधी तेवढं बघ.

मी 31 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. तरीसुद्धा मी फसलेय, ते आधी सांगते. माझ्या सख्ख्या मावशीला आम्ही एका ठिकाणी ठेवलं होतं. दर रविवारी गेलं की तिच्या पायात कोरे लोकरीचे मोजे. मला काय कौतुक! बेळगावची थंडी, म्हातारीचे पाय गार पडतात, किती जपतात बघा, असं मी घरी येऊन सांगायची. एकदा राखीपौर्णिमा मधल्या वारी आली, म्हणून न कळवता गेले. मोजे नव्हते. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग, एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, आणि हात लावला तर मऊ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाचा बघितल्या, आणि आपल्या माणसाच्या पायातला मोजा काही मला काढावासा वाटला नाही.

म्हणून रविवारची भेट मी धरतच नाही. रविवार हा त्यांचा परीक्षेचा दिवस, आणि पेपर आधीच फुटलेला. तू पुण्याहून रात्रीच्या बसने येत असशील तर पहाटे बेळगावात उतरतेस. लॉजवर जाऊन आवरण्याआधी थेट तिथे जा, सहा-साडेसहाला. रात्रभर काय झालं ते त्या वेळी खाटेवर लिहिलेलं असतं. डायपर फुगून गच्च झालाय का, चादर ओली आहे का, आई एकाच कुशीवर रात्रीपासून तशीच आहे का. रात्री किती जणींमागे एक आया असते, हे ऑफिसात विचारू नकोस, तिथे छान आकडा सांगतात. त्या पहाटे जी आया समोर असेल तिलाच विचार, “काल रात्री तुम्ही किती जणी होता?” दुसऱ्या खेपेला रात्रीच्या जेवणाच्या वेळी जा. आंघोळी चालल्यात, जरा थांबा, असं कोणी म्हटलं तर रास्त आहे, थांब. पण अवेळी आलेल्या लेकीला पाच मिनिटं दारातूनसुद्धा आई दाखवत नसतील, तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

आणि आईकडे बघून झालं की शेजारच्या खाटेकडे बघ. तुझ्या आईची लेक पुण्याहून येते, हे सगळ्यांना माहीत आहे. जिचं कोणीच येत नाही, अशी एक म्हातारी प्रत्येक हॉलमध्ये असते. बहुतेक कोपऱ्यात, बाथरूमच्या बाजूला. तिची नखं कापलीत का? ओठ सुकून चिरलेत का? तिचा केसांचा गुंता किती दिवसांचा आहे? त्या जागेची खरी काळजी म्हणजे तिला मिळते ती. तुझ्या आईला मिळते त्यात तुझ्या येण्याची भर असते, आणि तू दोन महिने आली नाहीस की ती भर जाते.

आता आईचं अंग. लाजू नकोस, ती तुझी आई आहे. पडदा ओढ आणि तिला कुशीवर कर. माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू. जिचं तिला हलता येत नाही तिची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर बेड आहे म्हणून ते चुकत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबू नकोस, हात फिरव. आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, घट्ट लागतं का, रंग काळपट झालाय का? बोटाने दाबून सोडल्यावरही डाग तसाच राहिला तर आत नुकसान सुरू झालंय. कूस बदलल्याचा तक्ता खाटेला टांगलेला असेल तर तोही वाच. एका ठिकाणी मी दुपारी तीनला तक्ता बघितला, त्यात रात्री आठचीही सही होती! लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली टांगलेली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये. आई एकाएकी बरळायला लागली किंवा ओळखेनाशी झाली तर “वयामुळे होतं” हे ऐकून घेऊ नकोस. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या इन्फेक्शनने किंवा नुसतं पाणी कमी पडल्यानेही असं होतं, आणि त्यावर उपाय आहे.

ब्लाऊजचं तू लिहिलंस ते पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य. आईला उभं राहता येत नाही म्हणून वजन करत नाही, असं सांगतील. मग शिंप्याची टेप घेऊन जा आणि डाव्या दंडाचा मधला घेर मोजून तारखेसकट लिहून ठेव. दर खेपेला तोच दंड, तीच जागा. दोन-तीन खेपांत कळेल की आई उतरतेय की थांबलीय. उतरत असेल तर खोट बहुतेक वेळा स्वयंपाकात नसते, भरवण्यात असते. झटक्यानंतर गिळणं मंदावतं. एका घासाला आपल्या तिप्पट वेळ लागतो. एक आया आठ जणींना भरवत असेल तर तुझ्या आईचं ताट अर्धं राहणारच, आणि वहीत “जेवण झाले” अशी नोंद होणार. भरवताना तिला ताठ बसवतात का ते बघ, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं करत नाहीत ना तेही. अर्धा तास तरी बसतं ठेवायला पाहिजे. पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवून विचार. अशा वेळी पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा नाचणीची अंबील गिळायला सोपी जाते. तुम्ही खानापूरकडची भातखाऊ माणसं, तिच्या ताटात रोज चपातीचे तुकडे टाकत असतील तर तेही सांगायला लाजू नकोस. आणि अजून एक, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. उजवी बाजू गेलेल्यांपैकी काहींना उजवीकडचं दिसतही नाही. ताटाचा उजवा अर्धा तसाच राहिला असेल तर ताट नुसतं फिरवून दे आणि बघ.

“बरं हाय” या दोन शब्दांबद्दल. झटक्याने बोलणं गेलं की काही माणसांच्या तोंडी एखादा सवयीचा शब्द तेवढा शिल्लक राहतो आणि प्रत्येक प्रश्नाला तोच बाहेर येतो. तुझ्या आईचं तसंच असेल असं नाही, पण त्या दोन शब्दांवर निकाल देऊ नकोस. मान हलवून उत्तर देता येईल असं विचार. “रात्री पाणी मागितलंस तर देतात?” मग थोड्या वेळाने तेच उलटं करून, “रात्री पाणी देत नाहीत ना?” दोन्हीला हो म्हणाली तर तिला प्रश्न पोचत नाहीये, एवढंच कळलं. रडण्याचंही तसंच. तू निघताना ती रडते हे कुठल्याही आईचं रडणं असू शकतं, पण झटक्यानंतर काहींचा रडण्या-हसण्यावरचा ताबाच सुटतो, दुःख नसतानाही डोळे वाहतात. त्याला औषध आहे. तू गेल्यावर ती किती वेळ रडते, हे आयेला विचार. “पाच मिन्टं, मग चहा पितात” असं नेमकं उत्तर आलं, तर ती आया आईकडे बघते असं समज. उलट, भर दुपारी जावं तेव्हा आई गाढ झोपलेलीच मिळत असेल तर औषधांचा कागद माग. गुंगीची गोळी कोणी लिहिली आणि कशासाठी, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आता आपल्याकडचीच एक गोष्ट, जी पुण्याच्या कुठल्या माहितीपत्रकात सापडायची नाही. तुझ्या आईकडे दहा-बारा शब्द उरलेत आणि ते सगळे मराठी. आया बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडची, कन्नड बोलणारी असेल तर तिला “लघवी” कळेलच असं नाही, आणि आईला “ऊटा माड्री”, म्हणजे जेवा, कळेलच असं नाही. शहरातल्या माणसाचं दोन्हीवर भागतं, जांबोटीकडच्या म्हातारीचं भागत नाही. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आईला लघवीला आत्ता जायचंय. एक जाड पुठ्ठा घे. त्यावर आई जे शब्द बोलते तेवढेच लिही, पाणी, दुखतंय, लघवी, पुरे, गार लागतंय, आणि समोर कन्नडमध्ये, कन्नड लिपीत, त्या आयेकडूनच लिहून घे. नीरु म्हणजे पाणी, नोवु म्हणजे दुखणं, साकु म्हणजे पुरे. तिने हसत हसत दोन शब्द जास्तीचे लिहिले आणि आईला “अज्जी” म्हणून हाक मारली, तर मला त्या टाइल्सपेक्षा ते मोलाचं वाटेल. करारपत्र कन्नडमध्ये असेल तर समोर बसून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. अनामत परत कधी मिळते, दवाखान्यात न्यायचं झालं तर कोण नेणार आणि खर्च कोणाचा, ही दोन कलमं मुळात आहेत का ते बघ.

आयेच्या हातात शंभराची नोट कोंबू नकोस. सगळे करतात, मला ठाऊक आहे. पण त्या नोटेने जी जास्तीची काळजी मिळते, ती त्या कोपऱ्यातल्या म्हातारीच्या वाट्यातून कापलेली असते. त्यापेक्षा कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, मोठा डबा ने आणि रात्रपाळीच्या बायकांसाठी वेगळा काढून ठेवायला सांग. त्यांना कोणी काही नेत नाही.

पावसाळ्यात एक प्रश्न जरूर विचार. आषाढात आपल्याकडे चार-चार दिवस ऊन नसतं, रुमालसुद्धा वाळत नाही. एका खाटेमागे चादरींचे किती जोड आहेत, आणि वाळवतात कुठे? “असतात की” एवढंच म्हणाले तर कपाट उघडून दाखवायला सांग.

हलवायचं का, याचं उत्तर मी इथून देणार नाही. पण एक खूण सांगते. “आमच्याकडे कधीच कोणी पडत नाही, कुणाला जखम होत नाही” असं सांगणाऱ्या जागेला मी घाबरते. जिथून “मंगळवारी टाचेवर डाग दिसला, आम्ही उशी लावलीय, डॉक्टर येऊन गेले” असा फोन तुला आपणहून येतो, तिथे आईला राहू दे. जागा बदलण्याचा त्रासही तिच्या वयाला थोडा नसतो. डाग लपवलेला सापडला, तर मात्र महिना संपायची वाट बघू नकोस.

तक्रारीची वेळ आली तर 14567 ही ज्येष्ठ नागरिकांची देशभरची हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8, फोन फुकट. जिल्ह्याला ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याचं कार्यालय आहे, तिथे लेखी दे आणि पोच घे. ती जागा स्वतःला नर्सिंग होम म्हणवून इंजेक्शनं-सलाइन देत असेल, तर कर्नाटकच्या 2007 च्या खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्याखाली तिची नोंदणी हवी आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं हवं. नुसता वृद्धाश्रम असेल तर तिथे नर्स कोण, तिचं शिक्षण काय, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, हे तूच विचारायचं.

गावातल्यांचं मनावर घेऊ नकोस. त्यातल्या एकीला सांग, “काकू, महिन्यातून एकदा बेळगावला बाजाराला येता तेव्हा आईला बघून याल का?” आली तर आईला गावची बोली ऐकायला मिळेल आणि तुला अधल्यामधल्या वारची खबर. नाही आली तर निदान बोलायची थांबेल. आणि दादाशी भांडू नकोस, त्याला एकदा पहाटे साडेसहाला तिथे उभा कर. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने आला तर फार लांब नाही.

येत्या रविवारी जाऊ नकोस. मधल्या वारी जा, टेप आणि पुठ्ठा पिशवीत टाक, आणि आईच्या पायात मोजे असतील तर ते आधी काढ.

तुझी,
मावशी