नावाडी कुठे गेला?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पहिल्यांदाच डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या गोष्टीचा, गेम चालवणार आहेस आणि त्यासाठी बावीस पानं लिहून तयार आहेत, हे वाचून कौतुक वाटलं आणि पोटात गोळाही आला. पानं सगळी वाचली. नावाडी गायब होण्याची गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की प्लेअर काय करणार हेही तूच लिहून मोकळी झाली आहेस. ‘मग ते चौघं गुहेकडे निघतात.’ कशावरून निघतात? चौघं टेबलाशी बसली की पहिल्या पंधरा मिनिटांत त्यातलं एक जण खानावळीच्या मालकाला विचारणार, ही खानावळ विकायची आहे का. दुसरं जण घोडा शोधत बसणार. तुझी गुहा सातव्या पानावर, आणि ही मंडळी अजून पहिल्या पानावरही आलेली नाहीत.

अशा वेळी नवखा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) त्यांना ओढून गुहेकडे नेतो. रस्ता बंद, दार बंद, पहारेकरी ऐकत नाही, असं करत करत. प्लेअरना हे दोन मिनिटांत कळतं. एकदा कळलं की ते विचार करायचं सोडून देतात आणि तू काय सांगशील याची वाट बघत बसतात. गंमत गेली.

पानं फेकू नकोस. त्यांतून तीन जण बाहेर काढ आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोनच गोष्टी लिही: याला काय हवंय, आणि ते मिळवायला हा कुठवर जाईल. तुझाच मजकूर घेऊन करून दाखवतो. जकातदाराला नाव बंद पडायला हवी आहे, कारण मग सगळा माल पुलावरून जाईल आणि पुलाचा ठेका त्याच्या मेहुण्याकडे आहे. त्यासाठी तो खोटं बोलेल, नोंदवही जाळेल, गुंड पाठवेल, पण स्वतःच्या हाताने खून करणार नाही. नावाड्याच्या मुलीला बाप परत हवा आहे, पण तो रात्री चोरटा माल पलीकडे नेत होता हे बाहेर यायला नको आहे. म्हणून ती अर्धंच सांगेल, आणि कोणी आवाज चढवला तर तेवढंही सांगणार नाही. आणि डोहातली ती, नावाड्याला धरून ठेवणारी. तिची चांदीची घंटा चोरीला गेली आहे, घंटा चोरट्या मालात होती, आणि परत मिळेपर्यंत ती नावाड्याला सोडणार नाही.

झालं. आता प्लेअर खानावळ विकत घेऊ देत. जकातदाराला आपल्या घाटावर नवे, प्रश्न विचारणारे लोक नको आहेत, तेव्हा तो स्वतःच खानावळीत येईल. तुला काही सुचवून घ्यावं लागत नाही. त्याला काय हवंय हे माहीत असलं की तो काय बोलेल ते आपोआप तोंडात येतं.

त्याच कागदाच्या खाली आणखी तीन ओळी लिही: यांनी काहीच केलं नाही तर काय होईल? पहिल्या रात्री घाटावरचा दिवा विझतो आणि सकाळी पायऱ्यांवर चिखलाची पावलं दिसतात. दुसऱ्या रात्री जकातदार वही जाळतो. तिसऱ्या रात्री मुलगी एकटीच नाव घेऊन डोहात जाते. सेशन रेंगाळलं, मंडळी घोड्याच्या किमतीवरून वाद घालत बसली, की यातली पुढची ओळ घडवून टाकायची. त्यांना गोष्टीकडे ढकलण्यापेक्षा गोष्टच त्यांच्या अंगावर येऊ दे.

आता धाग्यादोऱ्यांचं बघ, कारण तुझ्या पानांतली खरी चूक इथे आहे. नावाडी कुठे आहे हे कळायला तू एकामागून एक तीन फासे टाकायला लावले आहेस. आधी पावलं दिसली पाहिजेत, मग मुलीला बोलतं केलं पाहिजे, मग वहीतली नोंद सापडली पाहिजे. समज, प्रत्येक वेळी यश मिळण्याची शक्यता ७० टक्के. ऐकायला भरपूर वाटते. पण तिन्ही लागोपाठ जमण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के उरते. म्हणजे तीनपैकी दोन टेबलांवर तुझी गोष्ट घाटावरच अडकून पडणार. त्याच तीन गोष्टी एकमेकींवर न टांगता वेगवेगळ्या ठेव: पावलं थेट डोहाकडे जातात, मुलीला डोहाचं माहीत आहे, वहीतही डोहाचा उल्लेख आहे. आता तिन्ही हुकण्याची शक्यता ३ टक्क्यांहूनही कमी. फासे तेच, आकडे तेच, फक्त मांडणी बदलली. आणि खरं सांगायचं तर जी माहिती मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही, तिच्यासाठी फासा टाकायला लावूच नये. योग्य ठिकाणी बघितलं, की मिळाली. फासा लावायचाच तर किंमत ठरवायला लाव: माहिती मिळाली, पण जकातदाराला सुगावा लागला का?

शेवटच्या पानावरच्या ऑगरला, त्या धिप्पाड राक्षसाला, मात्र रजा दे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत त्याला ५९ हिट पॉइंट (किती मार झेलता येईल त्याचा आकडा) आहेत आणि गदेच्या एका तडाख्यात सरासरी १३ जातात. तुझ्या टेबलावरच्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, आठ. म्हणजे एका फटक्यात आडवा. त्यात वीस बाजूंच्या फाशावर २० पडले तर डॅमेजचे फासे दुप्पट, सरासरी २२, आणि आठातून बावीस गेल्यावर उरलेलं नुकसान त्याच्या एकूण पॉइंटांहून जास्त भरतं, तेव्हा नियमाप्रमाणे तो जागच्या जागी मरतो, वाचण्यासाठी फासा टाकायचीही सोय नाही. पहिल्याच सेशनला, मन लावून कॅरेक्टर बनवून आलेल्या माणसाचं हे असं व्हायला नको. उलट बाजूही तितकीच वाईट. एकटा ऑगर आणि समोर चौघं, म्हणजे त्याच्या एका पाळीला त्यांच्या चार. फासे त्यांच्या बाजूने पडले तर तो दोन राउंडमध्ये गारद, आणि तुझा भव्य शेवट संपला.

त्याऐवजी जकातदाराचे चार गुंड ठेव. नियमांच्या पुस्तकातला साधा बँडिट (दरोडेखोर) घे: ११ हिट पॉइंट, आर्मर क्लास (त्याला फटका लागायला फाशाने गाठायचा आकडा) १२, फटका सरासरी चारचा. चौघांच्या चार पाळ्या, त्यामुळे लढाई हलती राहते आणि एका फटक्यात सहसा कोणी संपत नाही. आणि ते कधी थांबतील हे आधीच ठरव. हे भाडोत्री लोक आहेत. दोघं पडले की उरलेले दोघं पळतील किंवा शस्त्र टाकून जकातदाराचं नाव सांगतील. शेवटच्या श्वासापर्यंत लढणारे शत्रू मला तरी कंटाळवाणे वाटतात. पकडलेल्या गुंडाशी बोलण्यात जी मजा येते, ती त्याचे शेवटचे तीन पॉइंट घालवण्यात येत नाही.

नियम पाठ नाहीत म्हणून घाबरली आहेस, ते सोड. एखादा नियम आठवला नाही तर अर्धं मिनिट विचार कर, काहीतरी न्याय्य ठरव, सांगून टाक, आणि पुस्तक नंतर उघड. डीसी (यशासाठी फाशाने गाठायचा आकडा) ठरवताना तीनच आकडे लक्षात ठेव: सोपं १०, मध्यम १५, अवघड २०. हे टाळाटाळ करणं नव्हे, ही जुनी रीत आहे. आपल्या या खेळांचं मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियात राइसविट्झने १८२४ साली क्रीगश्पील छापला तेव्हा त्यात कोष्टकं आणि मोजमापांचा पसारा होता. पुढे १८७६मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने म्हटलं की हा पसारा बाजूला ठेवा, अनुभवी पंच निकाल देऊ शकतो. गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला १९७४ला. तोवर पंचाची खुर्ची चांगलीच जुनी झाली होती. तू तिच्यावरच बसणार आहेस. फक्त एक पाळ: आज जो निकाल विझार्डला दिलास, तोच तासाभराने रोगलाही (चोर-छाप कॅरेक्टरला) दे.

सुरुवातीचं वर्णन मात्र लिहून ठेव, शब्दन्‌शब्द. तीन-चार वाक्यं, त्याहून जास्त नाही, कारण मोठा उतारा वाचायला घेतलास की हात फोनकडे जातात. असं काहीतरी: ‘पाऊस नुकताच थांबलाय. नाव घाटाला बांधलेली आहे, पण दोराची गाठ पाण्याच्या बाजूने मारलेली, चिखलाने माखलेली. पायरीवर बसलेली मुलगी मान वर करून विचारते, तुमच्यापैकी कोणाला नाव चालवता येते का?’ आणि मग लगेच: काय करताय? गाठ पाण्याच्या बाजूने का, हे तू सांगायचं नाही. कोणीतरी विचारेलच.

नावांची एक यादी जवळ असू दे, वीसेक पुरेत. ज्या पहारेकऱ्याला तू नाव दिलेलं नाहीस नेमकं त्याचंच नाव ते विचारतात, आणि तू अडखळलीस की हा बिनमहत्त्वाचा आहे हे लगेच उघडं पडतं. वापरलेल्या नावापुढे तो कोण ते खरडून ठेव. राज्याचा तीनशे वर्षांचा इतिहास, चार चंद्रांची दिनदर्शिका वगैरे आवडतं म्हणून लिहायचं तर खुशाल लिही, पण त्याला तयारी म्हणू नकोस. आवाज बदलून बोलता येत नाही याचीही काळजी नको. जकातदार प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो, एवढी एक लकब पुरते.

खेळाआधी अर्धा तास नुसतं बोलायला ठेव. तुझ्या गोष्टीत बुडणं आहे, बाप हरवणं आहे. कोणाला यातलं काही नको असेल तर ते आधी कळलेलं बरं, मग डोहाऐवजी जंगल करता येतं. शिवाय जॉन स्टाव्रोपोलस यांचं एक्स-कार्ड टेबलावर ठेव: एका कोऱ्या कार्डावर मोठी फुली. कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडायचा आणि का ते विचारायचं नाही. त्याच अर्ध्या तासात प्रत्येकाला विचार, तुझं कॅरेक्टर या चौघांत एका माणसाला आधीपासून ओळखतं, तो कोण आणि कसा? यातून तुला जे फुकट मिळेल ते बावीस पानांत नाही. कोणी म्हणालं, ‘हा माझा भाऊ, आणि आमचे बाबा नावाडी होते,’ तर तुझी सगळी आखणी बिनधास्त बदल.

तीन-चार तासांत तुला वाटतंय त्याच्या निम्मंच होईल. डोहापर्यंत पोचले नाहीत तरी ठरलेल्या वेळेला थांब, आणि वह्या मिटायच्या आत विचार: पुढच्या वेळी पहिल्यांदा कुठे जाणार? डोह, जकातदाराचं घर की पूल? जे उत्तर येईल तेवढीच पुढच्या आठवड्याची तयारी. ते पूल म्हणाले तर मेहुण्याला काय हवंय हे लिहून मला पाठव, त्याच्याबद्दल तुझ्या पानांत एक ओळही नाही.

तुझा,
दादा