ड्रम फिरतो, पण ड्रायर तापत नाही

प्रश्न : कपडे सुकवायचा ड्रायर सुरू होतो, ड्रमही फिरतो, पण आत गार हवाच येते. मेकॅनिकने मशीन न उघडताच ‘बोर्ड गेलाय’ असं सांगितलं. आधी घरी काही तपासता येईल का?

उत्तर : येईल, आणि तपासाच. ड्रम फिरतोय, बटणं चालतायत, तर बोर्डावर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. (तुमचं मशीन हीट पंपचं, म्हणजे फ्रिजसारख्या यंत्रणेने हवा तापवणारं, असेल तर त्यात विजेच्या तारेचा हीटर नसतो, मग या उत्तरातलं पुढचं सोडून द्या.)

प्लग काढून दहा मिनिटं थांबा. बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तेवढा वेळ चार्ज राहू शकतो. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कनेक्टर ओढताना त्याचं प्लास्टिक धरा, वायर नव्हे.

आता मल्टिमीटर. हीटरच्या डब्यावर किंवा हवेच्या मार्गात बसवलेला छोटा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) शोधा. त्याची निदान एक वायर सुटी करूनच मोजा, नाहीतर दुसऱ्या वाटेने रीडिंग येतं आणि फसगत होते. चांगला फ्यूज जवळपास शून्य ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो उडालाय. तो पुन्हा जुळत नाही, त्याच तापमानाचा आणि अँपिअरचा नवा घालावा लागतो. वायरीचा तुकडा लावून तो शॉर्ट करायचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा, कारण आग लागण्याआधीचा तो शेवटचा अडसर आहे.

फ्यूज उगाच उडत नाही. फिल्टर, बाहेर जाणारा पाइप किंवा कंडेन्सर (वाफेचं पाणी करणारा भाग) कपड्यांची लव साचून तुंबला की उष्णता आतच कोंडते. ते साफ न करता नवा फ्यूज घातलात तर तोही जाणार.

फ्यूज ठीक असेल तर हीटर मोजा. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर साधारण २६ ओहम दाखवतो, २५०० वॅटचा २१. मीटरची एक तार हीटरच्या टोकाला आणि दुसरी मशीनच्या पत्र्याला लावल्यावर रीडिंग आलं, तर हीटरची कॉइल पत्र्याला टेकलीय, हीटर बदला. त्याच्या चपट्या पिना काळ्या पडल्या असतील तर लग (वायरीच्या टोकाची, पिनेवर बसणारी धातूची पकड) सैल होऊन तापत होता. तिथे उष्णता सोसणारा नवा लग क्रिंप करा, म्हणजे वायरीवर दाबून बसवा. नुसतं सोल्डर केलं तर तापून वितळतं.

तापमान मोजणारा थर्मिस्टर बऱ्याच मॉडेलांत २५ अंशांना १० किलोओहमच्या आसपास असतो. मुठीत धरला की आकडा हळूहळू उतरायला हवा. उड्या मारत असेल किंवा हललाच नाही, तर तो खराब.

इतकं सगळं बरोबर निघालं, तरच बोर्ड. तिथेही आधी हीटरच्या रिलेच्या (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पायांपाशी भिंग घेऊन बघा: सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसली तर जुनं सोल्डर उपसून नवं भरल्याने काम भागतं. बोर्ड करपलेला असेल तर मात्र बदलाच.

प्रश्न : ऑटोवर लावलं की कपडे ओले असतानाच मशीन थांबतं. ठरावीक वेळ लावला तर नीट सुकतात.

उत्तर : ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून किंचित वीज वाहते आणि बोर्डाला ओलावा कळतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा अदृश्य थर पट्ट्यांवर चढला की बोर्डाला सगळं कोरडंच वाटतं. प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. दोनचारच कपडे टाकले तरी हेच होतं, कारण ते पट्ट्यांना नीट टेकतच नाहीत.